दादाला स्टेम सेल देताना

मागच्या वर्षी जानेवारीतल्या एका रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, मी फोनवर शोधत बसले होते: स्टेम सेल, म्हणजे रक्ताच्या मूळ पेशी, देणाऱ्याला पुढे काही त्रास होतो का? मराठीत जे सापडलं त्यात बहुतेक गुडघेदुखीच्या क्लिनिकच्या जाहिराती होत्या. देणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेलं काही मिळालं नाही. आज २६ मार्च. मी पेशी दिल्या त्याला बरोबर वर्ष झालं. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं, ते आता लिहून ठेवतेय.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तेव्हा ४८ वर्षांचा. राहायला ऐरोलीत, नोकरी रबाळे एमआयडीसीत. २०२३ च्या दिवाळीआधी त्याच्या हिरड्या सुजल्या. आधी दातांचे डॉक्टर झाले, मग ताप उतरेना, मग दंडावर निळे डाग दिसले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ६८ हजार आणि प्लेटलेट २२ हजार. २० नोव्हेंबरला बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट आला: अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. तीन दिवसांनी किमो सुरू झाली.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गोष्ट सांगितली गेली, ती मी सगळ्यात आधी लिहिते, कारण घाईत ती चुकते. दादाला रक्त आणि प्लेटलेट लागणार होत्या. आम्ही दोघं भावंडं बाह्या वर करून तयार. डॉक्टरांनी थांबवलं. पुढे मूळ पेशींचा ट्रान्सप्लांट करावा लागण्याची शक्यता असेल तर सख्ख्या नातलगांनी रुग्णाला रक्त द्यायचं नसतं. घरच्यांच्या रक्ताविरुद्ध त्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या, तर नंतर घरातलीच पेशी त्याचं शरीर नाकारू शकतं. म्हणून रक्त दिलं ते दादाच्या कंपनीतल्या लोकांनी आणि आमच्या चरईतल्या शेजाऱ्यांनी.

२८ डिसेंबरच्या तपासणीत आजार आटोक्यात आल्याचं कळलं. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. पण जनुकांचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, नुसत्या किमोवर ठेवलं तर आजार उलटण्याचा धोका बराच आहे, आटोक्यात आहे तोवरच ट्रान्सप्लांट करून घेऊ. आईने विचारलं, म्हणजे नेमकं काय करणार? त्यांनी तिला समजेल असंच सांगितलं. हाडांच्या आतल्या मगजात मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून सगळं रक्त बनतं. "विरजणच बिघडलं तर रोज दही बिघडणार, आजी. ते काढून टाकायचं, भांडं स्वच्छ धुवायचं आणि दुसऱ्या घरचं चांगलं विरजण लावायचं." भांडं धुणं म्हणजे जोरदार किमो. आणि दुसरं घर म्हणजे आम्ही दोघं, जुळलो तर.

६ जानेवारीला दादाचं, माझं आणि बदलापूरच्या धाकट्या भावाचं एचएलए टायपिंगसाठी रक्त घेतलं. एकेकाचे साडेनऊ हजार. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, आणि त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. निम्मा संच आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तर दोघांपैकी एक तरी जुळण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. हा हिशोब मी तेव्हा कागदावर केला आणि तो कागद लगेच फाडून टाकला.

रिपोर्ट यायला तेरा दिवस लागले. १९ जानेवारीला मी बँकेत काउंटरवर असताना वहिनीचा फोन आला. "ताई, तुमचं जुळलंय. पूर्ण." मी समोरच्या आजोबांचं पासबुक हातात धरून तशीच उभी राहिले. धाकट्याचं जुळलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो फोनवर रडला, आपण दादाच्या उपयोगी पडलो नाही म्हणून. त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. घरात असं कुणाचं झालं तर त्या माणसाकडे लक्ष द्या. आमच्या आनंदात त्याचं दुःख दोन दिवस आम्हाला दिसलंच नाही.

जुळलं म्हणजे लगेच द्यायचं, असं नसतं. फेब्रुवारीत माझी तपासणी झाली, आणि ती दादाच्या डॉक्टरांनी नाही तर दुसऱ्या डॉक्टरांनी केली. दात्याच्या तब्येतीचा निर्णय घेणारा माणूस वेगळा असावा, हा नियम मला फार योग्य वाटला. रक्ताच्या तपासण्या, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी, इको, छातीचा एक्स-रे, प्लीहेसाठी पोटाची सोनोग्राफी, गरोदर नसल्याची चाचणी, आणि दोन्ही हातांच्या शिरा दाबून पाहणं. खर्च चौदा हजार. मला दोन बाळंतपणं झाली आहेत, हेही लिहून घेतलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं: बाळंतपणं झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या, तर पुढे त्या पेशींनी त्याच्या शरीराला त्रास देण्याची शक्यता थोडी जास्त असते. धाकटाही जुळला असता तर कदाचित त्याला आधी निवडलं असतं. आता पूर्ण जुळणारी मी एकटीच होते.

मग त्यांनी ह्यांना आणि माझ्या सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि मला एकटीला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगू की दाता म्हणून तुम्ही चालत नाही." मला द्यायचंच होतं. तरी तो प्रश्न ऐकून डोळे भरून आले. एक गोष्टही बजावली: दादाची शेवटची किमो सुरू झाली की त्याचा स्वतःचा मगज संपतो. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर रुग्ण वाचत नाही. काय ठरवायचं ते त्याआधी ठरवा.

घरातली भीती वेगळीच होती. सासूबाईंना वाटत होतं की पाठीच्या कण्यातून काहीतरी काढणार आणि मला जन्मभराचं कंबरेचं दुखणं लागणार. आईची शंका दुसरी: दादाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह, मग जुळलं कसं? दोन्हीची उत्तरं सोपी आहेत, पण ती कुणीतरी बसून द्यावी लागतात. कण्याला कुणी हात लावत नाही. मगज काढायचाच झाला तर भूल देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून काढतात. पण आता बहुतेक मोठ्या माणसांकडून पेशी हाताच्या शिरेतून, रक्तामधून घेतात. आणि रक्तगट वेगळा असला तरी चालतो, एचएलए जुळणं महत्त्वाचं. पुढे रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प होती.

पैशांचं सांगते. रुग्णालयाने सोळा लाखांचं एस्टिमेट दिलं. कंपनीच्या पाच लाखांच्या मेडिक्लेममधले सव्वातीन किमोतच संपले होते, आणि दात्याचा खर्च त्या पॉलिसीत बसत नव्हता. हे टीपीएकडून, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीकडून, लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी अर्ज केला. त्याला रुग्णाचे दोन फोटो, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं आजार व अंदाजे खर्च लिहिलेलं मूळ प्रमाणपत्र लागतं. मंजूर झालेले पैसे थेट रुग्णालयाकडे जातात. एका कार्यालयात आमचा अर्ज आठ दिवस पडून राहिला, कारण एस्टिमेटवर दादाचं नाव आधारवरच्या नावापेक्षा वेगळं होतं, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एस्टिमेटच्या शिक्का मारलेल्या मूळ प्रती चार तरी घ्या. मदत निधी, दोन न्यास, दादाचा पीएफ, वहिनीचे दागिने आणि धाकट्याने काढलेलं कर्ज, असं करत रक्कम जमली. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी कुठला अर्ज आधी करायचा हे सांगितलं नसतं, तर आम्ही आणखी महिनाभर फिरत राहिलो असतो.

१८ मार्चला दादा भरती झाला. तिथे दिवस उलटे मोजतात: उणे सात, उणे सहा. पेशी देण्याचा दिवस शून्य. उणे चारपासून, म्हणजे २२ मार्चपासून, माझी इंजेक्शनं सुरू झाली. हे जी-सीएसएफ नावाचं औषध मगजातल्या मूळ पेशींना हाडातून बाहेर, वाहत्या रक्तात आणतं. वजनाच्या हिशोबाने डोस, पोटाच्या कातडीत, रोज सकाळी सातला, पाच दिवस. पहिलं रुग्णालयात देऊन तासभर बसवून ठेवलं. बाकीची आमच्या घरच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही तर आतल्या मधल्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून दुखायला लागलं. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. फ्लू येताना अंग मोडतं तसं, पण हाडाच्या आतून ठोके पडल्यासारखं. पॅरासिटामॉल घ्यायची परवानगी होती, अ‍ॅस्पिरिनला सक्त मनाई. तिसऱ्या रात्री मी कुशीवर वळताना कण्हले, आणि सासूबाई, ज्या आधी नको म्हणत होत्या, त्या उठून माझ्या पायांना तेल लावत बसल्या. मनाची तयारी ठेवा: दुखतं, खरंच दुखतं. आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दोन दिवसांत जातं.

चौथं इंजेक्शन २५ मार्चला होतं, आणि २५ ला धुळवड. रोजचा दवाखाना बंद असणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या इमारतीतल्या सिस्टरनी घरी येऊन दिलं. तारखा ठरल्या की आधी कॅलेंडर पाहा. त्याच दिवशी रक्त तपासायला रुग्णालयात जायचं होतं. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली, डब्यात रंगलेली मुलं, आणि मी ओढणी तोंडावर घेऊन कोपऱ्यात. रिपोर्ट हातात आला: पांढऱ्या पेशी ४१ हजार. माझे पाय लटपटले. नोव्हेंबरमध्ये दादाच्या रिपोर्टवर असाच मोठा आकडा होता. सिस्टर म्हणाल्या, अहो, हेच तर हवंय, हे औषधामुळे आहे, थोड्या दिवसांत खाली येईल. आली. पण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती पाच मिनिटं वाचली असती, म्हणून इथे लिहितेय.

२६ मार्च, मंगळवार. सकाळी इंजेक्शन, पोटभर नाश्ता, आणि खुर्चीवर बसण्याआधी शेवटचं बाथरूमला जाऊन येणं. हे विसरू नका, कारण नंतर साडेचार तास उठता येत नाही. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र ते गरगर फिरवून मूळ पेशींचा थर वेगळा करतं, आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. ज्या हातातून रक्त बाहेर जातं तो सरळ ठेवायचा. नाकाला खाज आली तर दुसऱ्याला सांगायचं. ह्यांनी मला दोन वेळा नाक खाजवून दिलं आणि सरबत पाजलं. तासाभराने ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने कॅल्शियम कमी होतं. लगेच सांगितलं की कॅल्शियम देतात आणि मुंग्या थांबतात. मी वीस मिनिटं सहन करत बसले होते, उगाच.

पिशवीत हळूहळू जमत होतं ते विटेच्या रंगाचं, पातळ टोमॅटो सारासारखं. शेवटी दोनशे मिलिलीटरच्या आसपास भरलं. एवढंसंच. दुपारी मोजणीचा निरोप आला: दादाच्या दर किलो वजनामागे ४८ लाख मूळ पेशी. पुरेशा होत्या, दुसऱ्या दिवशी परत बसावं लागलं नाही. माझे प्लेटलेट उतरले होते, म्हणून आठवडाभर जड उचलू नका आणि पडू-झडू नका म्हणाले. मी एकूण आठ दिवस रजा घेतली, पण दुखणं गेल्यावर पाचव्या दिवशी कामावर जाता आलं असतं.

संध्याकाळी सहा वाजता मी काचेबाहेर उभी होते. आत दादा, डोक्यावर एक केस नाही, छातीला हिकमन लाइन, म्हणजे रक्त-औषधं द्यायची नळी. पिशवी टांगली आणि साधं रक्त चढवावं तसं चढवलं. चाळीस मिनिटं. शस्त्रक्रिया नाही की काही नाही. पेशी रक्तातून फिरत फिरत आपलं हाड आपण शोधतात. दादाने काचेतून हात जोडले. मी खुणेने त्याला रागे भरले.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका काकांनी सांगितलं की भारतातला पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईत टाटा मेमोरिअलमध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी केला. मी नंतर वाचलं: रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती, आजार दादाचाच, आणि पेशी दिल्या होत्या तिच्या भावाने. आज त्याच टाटाच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात ट्रान्सप्लांट होतात. त्या घरात तेव्हा काय चाललं असेल, याचा मी त्या रात्री खूप विचार केला.

मग वाट पाहणं, आणि ते सुयांपेक्षा कठीण गेलं. दादाच्या तोंडात फोड आले, पाणीही गिळवेना. पांढऱ्या पेशी रोज शून्याच्या आसपास. धाकट्याने प्लेटलेट देणाऱ्यांची यादी वहीत केली: नाव, रक्तगट, शेवटची तारीख, कुठून येणार. एकदा प्लेटलेट दिल्यावर काही दिवस त्याच माणसाला बोलावता येत नाही, म्हणून पंधरा-वीस लोक हाताशी लागतात. रात्री अकरालाही तो कुणालातरी बेलापूर स्टेशनवरून आणायला उभा असायचा. जुळला नाही म्हणून रडलेला तो हाच.

याच दिवसांत माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा सात वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही. तुमच्याकडे स्टेम सेलने फरक पडतोय ना, मग आम्हीही करतो, एक क्लिनिक तीन वेळच्या उपचाराचे साडेचार लाख सांगतंय. मी दादाच्या डॉक्टरांना विचारलं. ते कामात होते, तरी थांबून बोलले. रक्ताच्या आजारांत रक्ताच्या मूळ पेशी देणं हा सिद्ध झालेला उपचार आहे. बाकी आजारांत संशोधन चालू आहे आणि त्यात खरी आशाही आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशी परत मूळ पेशींसारख्या करून दाखवल्या आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण संशोधन म्हणजे उपचार नव्हे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे प्रयोग मंजूर चाचणीतच करायचे, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. "साडेचार लाख मागतात ना? मग ती चाचणी नाही." मी हे बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. ती चिडली, चार दिवस बोलली नाही. त्या आईची तगमग मला कळते; मी स्वतः काचेबाहेर उभी होते. म्हणूनच तिच्या तगमगीवर पैसे मागणाऱ्यांचा मला अतिशय संताप आहे. तिने पैसे भरले नाहीत. मुलाची फिजिओथेरपी चालू आहे.

पाडव्याला, ९ एप्रिलला, चौदावा दिवस. आईने ऐरोलीच्या खिडकीत गुढी उभारली आणि दिवसभर फोनजवळ बसली. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३१०. दुसऱ्या दिवशी ५४०, मग ७८०, मग ११००. सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असं मानतात. २२ एप्रिलला डिस्चार्ज मिळाला, पण घरी नाही. शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहायचं म्हणून सानपाड्यात बावीस हजारांनी वन बीएचके घेतला. ऐरोली तशी जवळ, पण तिथे वर-खाली दोन्हीकडे बांधकाम चालू होतं, आणि त्या धुळीतल्या बुरशीची भीती. घर बघताना हे बघा. पंखे धुऊन घ्या, कुंड्या बाहेर ठेवा.

४ मेला दादाच्या तळहातांवर लाल पुरळ आलं, मग कानामागे, मग पाठभर. जीव्हीएचडी. म्हणजे नव्या पेशी त्याच्या शरीराला परकं समजून हल्ला करतात. नव्या पेशी म्हणजे माझ्या. वहिनी रात्रभर त्याला क्रीम लावायची आणि मी ठाण्यात जागी असायचे. माझंच रक्त त्याची कातडी सोलतंय, हा विचार डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी मी हे डॉक्टरांसमोर बोलले तेव्हा ते म्हणाले, "ज्या पेशी त्याच्या त्वचेला परकं समजतात, त्याच उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही परकं समजतात. आपल्याला त्यांना पूर्ण गप्प बसवायचं नाही, आवरायचं आहे." स्टेरॉइडने तीन आठवड्यांत पुरळ ओसरलं. पण दात्याच्या मनाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. तुमच्या घरात कुणी दाता असेल तर रुग्णाची चौकशी करताना त्याचीही करा.

शंभराव्या दिवशी, ४ जुलैला, रिपोर्ट आला. दादाच्या रक्तात किती पेशी कुणाच्या, हे तपासतात. आम्ही भाऊ-बहीण असल्याने ते गुणसूत्रांवरूनच कळतं. त्याच्या रक्तातल्या ९९ टक्क्यांहून जास्त पेशी एक्सएक्स निघाल्या, बाईच्या. मगजात आजार नाही. एकूण खर्च भाडं आणि औषधं धरून साडेअठरा लाख झाला.

आता तो ऐरोलीत घरी आहे. जूनपासून अर्धा दिवस कामावर जायचं म्हणतोय. लहानपणच्या लसींचा उपयोग संपला, म्हणून बाळाला देतात तशा परत सुरू केल्या आहेत. डोळे कोरडे पडतात, त्याचे थेंब चालू आहेत. दर सहा आठवड्यांनी तपासणी.

एक काम राहिलं होतं, ते गेल्या आठवड्यात केलं. दादाच्या वाहन परवान्यावर अजून बी पॉझिटिव्ह आहे. कुठे अपघात झाला आणि कुणी तेच वाचून रक्त चढवलं तर? डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेतलं: ट्रान्सप्लांट झाला आहे, तारीख अमुक, रक्तगट आता ओ पॉझिटिव्ह, रक्त द्यायचं झाल्यास किरणांची प्रक्रिया (इरॅडिएशन) केलेलंच द्यावं. ते लॅमिनेट करून त्याच्या पाकिटात ठेवलंय. एक प्रत वहिनीकडे, एक माझ्या पर्समध्ये.